मोकळ्या जाळीवरचं कवच

औषधाच्या दुसऱ्या तुकडीत सातच जागा होत्या. रेवाचा नंबर सातवा लागला आणि तिची आई मनाली हिच्या सासरी सगळ्यांनी मनालीच्या थोरल्या बहिणीला, हेमांगीला देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं बाकी ठेवलं. सासूबाईंनी सकाळपासून राबून आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली. मनालीचा नवरा निखिल एरवी घरात दोन शब्द बोलेल तर शपथ, पण आज तोसुद्धा ताटापाशी उभा राहून म्हणाला, "ताई, तुम्ही नसता तर आम्ही कुठे गेलो असतो?"

हेमांगी कर्णिकनं मान खाली घातली. घरच्यांना तो विनय वाटला. लोकांना काय, मोठ्या माणसानं मान खाली घातली की तो विनयच वाटतो.

नऊ वर्षांची रेवा खुर्चीत बसून जेवत होती. दोन वर्षांपूर्वी ती जिने धावत चढायची. आता जमिनीवरून उठायचं तरी आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, मग कुणाचा तरी हात लागायचा. तिच्या स्नायूंना सांधून ठेवणारं एक प्रथिन शरीरात तयारच होत नव्हतं. ते बनवायची सूचना असलेलं जनुक बाहेरून द्यायचं, एवढाच उपाय होता. जनुक स्नायूपर्यंत पोचवायला हमाल लागतो, आणि या कामाला विषाणूच्या रिकाम्या कवचासारखा दुसरा हमाल नाही. इंजेक्शन एकदाच. दुसऱ्यांदा देता येत नाही, कारण एकदा पाहिलेलं कवच शरीर जन्मभर विसरत नाही आणि पुढच्या वेळी दारातच त्याचा फडशा पाडतं.

"मावशी, ते कवच तू शोधलंस ना?" रेवानं विचारलं. "शाळेत मी सगळ्यांना सांगितलंय."

"जेव आधी," हेमांगी म्हणाली.

आता हे कवच म्हणजे काय प्रकरण आहे ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

विषाणू म्हणजे सूचनांची एक चिठ्ठी आणि तिच्याभोवती प्रथिनांचं कवच. चिठ्ठीतला मजकूर इतक्या झपाट्यानं बदलतो की शंभर-दोनशे कोटी वर्षांनी दोन भावंडांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या तर एक ओळ जुळायची नाही. कवचाची घडी मात्र बदलत नाही. ती बिघडली तर कवच मिटणार नाही, आणि कवच मिटलं नाही तर विषाणूचा कारभारच आटोपला. म्हणून तर शास्त्रज्ञांनी जेव्हा जिवाणूंना छळणारा एक विषाणू, उकळत्या झऱ्यांतल्या आदिजीवांना छळणारा दुसरा आणि माणसाला सर्दी-तापानं बेजार करणारा तिसरा असे तीन विषाणू शेजारी ठेवले, तेव्हा त्यांच्या चिठ्ठ्यांत काही म्हणता काही जुळेना, पण कवचाच्या विटा एकाच साच्यातल्या निघाल्या. प्रथिनाची पट्टी तशीच दोनदा गुंडाळलेली, रचना तीच. म्हणजे जिवाणू, आदिजीव आणि आपण असे जीवसृष्टीचे तीन फाटे फुटायच्या आधीच या तिघांचा पूर्वज पृथ्वीवर होता. तीनशे कोटी वर्षांपूर्वी, कदाचित त्याच्याही आधी.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पट्टी आधी एकदाच गुंडाळलेली असणार आणि मग कधीतरी ती दोनदा गुंडाळली गेली असणार, हाही अंदाज होता. त्यातली मधली पायरी कुणी पाहिली नव्हती. ती आठ वर्षांपूर्वी हेमांगीनं पाहिली. कोकणात उन्हाळवाडी नावाचं गाव आहे, तिथल्या गरम पाण्याच्या कुंडातल्या विषाणूत. निदान तिनं तसं जगाला सांगितलं.

मधली पायरी मिळाल्यावर मागचा हिशेब गणकयंत्रांनी केला. तीनही फाट्यांची कवचं आणि हा दुवा घेऊन ती मागे मागे गेली आणि मूळ पूर्वजाचं कवच त्यांनी पुन्हा घडवलं. त्याला नाव पडलं आदिकवच. डॉक्टरांनी ते उचलून धरलं, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आजच्या विषाणूंपासून केलेली कवचं निम्म्या रुग्णांच्या बाबतीत फुकट जायची, कारण शरीराची त्यांच्याशी आधीच गाठ पडलेली असायची. आदिकवच तीनशे कोटी वर्षं जुनं. त्याची ओळख कुणाला असणार? म्हणून रुग्णाच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं आहेत का, ही एरवी सक्तीची असलेली चाचणी इथे गाळून टाकली गेली. तशी गरज नाही असं हेमांगीच्या शोधनिबंधातच नवव्या पानावर लिहिलं होतं.

आणि तिथेच सगळी गोम होती.

आठ वर्षांपूर्वी हेमांगीच्या पुण्यातल्या संस्थेत अतिशीत सूक्ष्मदर्शक नवा आला होता. नमुन्याचा थेंब मसुराच्या डाळीएवढ्या तांब्याच्या जाळीवर टाकायचा, क्षणात गोठवायचा आणि फोटो काढायचे. फोटो कसले, जुन्या टीव्हीवर केबल गेल्यावर मुंग्या यायच्या ना, तसलं चित्र. त्या मुंग्यांत विषाणू कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मग यंत्राला एक आकार दाखवायचा आणि सांगायचं, असे दिसणारे ठिपके वेचून काढ आणि एकावर एक रच. लाखो ठिपके रचले की चित्र स्वच्छ होतं.

हेमांगीनं यंत्राला सर्दीच्या विषाणूच्या कवचाचा आकार दाखवला होता. थोडं सुधारून, मधल्या पायरीची तिच्या मनात जी कल्पना होती तसं. तीन आठवड्यांत कवच वर आलं. सुरेख, अगदी तिच्या कल्पनेतलं.

तेव्हा यंत्र सांभाळायला नंदकुमार वायदंडे होते. कोल्हापूरकडचे, पन्नाशीचे, हाताचे इतके हलके की जाळी त्यांच्या चिमट्यात कधी वाकली नाही.

"मॅडम, एकदा मोकळी जाळी चालवून बघूया की," ते म्हणाले होते. "नुसतं पाणी गोठवायचं, विषाणू घालायचाच न्हाई. तरीबी हेच चित्र आलं, तर ते नमुन्यातनं आलेलं न्हाई, आपण यंत्राला दाखवलेल्या आकारातनं आलंय."

म्हणणं रास्त होतं. लाखो मुंग्यांमधून जर आपल्याला हवे तसे ठिपके वेचत गेलं, तर शून्यातूनही हवं ते उभं राहतं. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या प्रत्येकाला हा धोका पहिल्याच वर्षी शिकवतात. पण एक परदेशी गट याच दुव्याच्या मागे लागला होता, आणि हेमांगीला घाई झाली होती. "नंतर करू," ती म्हणाली. वायदंड्यांनी आठवड्यानं पुन्हा विचारलं. मग एकदा संचालकांसमोर आणि पाहुण्यांसमोर विचारलं. त्या रात्री ती धुमसत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं संचालकांना एक चिठ्ठी लिहिली: यंत्र हाताळण्यात हयगय होते आहे. वायदंड्यांची बदली भांडारात झाली, हातमोजे आणि नळ्या वाटायला.

निबंध स्वीकारला गेला. त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी हेमांगीनं एकटीनं मोकळी जाळी चालवली. का, ते तिचं तिलाच ठाऊक. बहुधा वायदंडे चुकले हे स्वतःला दाखवून द्यायला. सहा तासांनी पडद्यावर कवच उमटलं. सुरेख, अगदी तिच्या कल्पनेतलं. त्या जाळीवर पाण्याखेरीज काही नव्हतं.

तिनं ते चित्र पुसलं आणि मूग गिळून बसली.

कुणीतरी पकडेल असं तिला वर्षभर वाटत होतं. पण उन्हाळवाडीच्या कुंडाचा जीर्णोद्धार झाला. फरशी आली, कठडा आला, दर सोमवारी ब्लीचिंग पावडर पडू लागली, आणि पुन्हा नमुना घ्यायची सोय राहिली नाही. दुसरी गंमत तर विचारूच नका. जगातल्या दोन प्रयोगशाळांनी आपापल्या झऱ्यांत हा दुवा शोधायला घेतला आणि यंत्राला आकार म्हणून हेमांगीचंच कवच दाखवलं. साहजिकच त्यांनाही ते सापडलं. खोटं असं जगभर खरं ठरत गेलं, आणि तिला सत्कारामागून सत्कार झाले.

पहिल्या तुकडीत सहा मुलांना आदिकवचातून औषध दिलं. चौघांना बरं वाटू लागलं. दोघांना त्याच संध्याकाळी ताप भरला, यकृत सुजलं आणि बारा-बारा दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. दोघंही जगली. पण त्यांचं औषध वाया गेलं, आणि ते आता जन्मात पुन्हा देता येणार नव्हतं. अहवालात लिहिलं होतं, कारण अज्ञात.

हेमांगीनं तो अहवाल वाचला आणि कारण तिला तिथल्या तिथे कळलं. आदिकवच तिच्या दुव्यावर बेतलेलं, दुवा सर्दीच्या विषाणूवरून रंगवलेला. म्हणजे आदिकवचाच्या अंगावर सर्दीच्या विषाणूचा तोंडवळा उतरलेला असणार. ज्या मुलांना ती सर्दी होऊन गेली असेल, त्यांचं शरीर ते तीनशे कोटी वर्षं जुनं कवच बघून म्हणणार, अरे, याला तर आपण ओळखतो. प्रयोगातल्या उंदरांना ही सर्दी कधी होत नाही, म्हणून तिथे काही दिसलं नव्हतं.

जेवण झाल्यावर तिनं रेवाच्या दंडातून रक्ताची एक नळी घेतली. "औषधाआधीची तपासणी," ती म्हणाली. कुणी काही विचारलं नाही. घरात एवढी मोठी शास्त्रज्ञ असताना विचारायचं काय?

चाचणी साधी होती. प्लास्टिकच्या ताटलीतल्या छोट्या खळग्याच्या तळाला आदिकवच चिकटवायचं, वर रक्तातला द्रव, मग रंग. प्रतिपिंडं असली तर खळगा निळा होतो. तिनं एका खळग्यात रेवाचं रक्त ठेवलं, शेजारी स्वतःचं. पाच मिनिटांत दोन्ही खळगे शाईसारखे निळे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मनालीच्या शाळेत गेली. मनाली महापालिकेच्या शाळेत शिकवायची. मधल्या सुट्टीत दोघी बहिणी वऱ्हांड्यात उभ्या राहिल्या.

"रेवाला या वेळी औषध नको द्यायला," हेमांगी म्हणाली. "रक्तात थोडा संसर्ग दिसतोय. नंबर सोडून दे."

मनालीचा चेहरा पडला. "पुढच्या तुकडीपर्यंत थांबायचं? ताई, सहा महिने आहेत ते. तिला आता कप उचलायला दोन हात लागतात."

"मला माहितेय."

"दुसरा काही इलाज नाही?"

"नाही."

मनालीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. लहानपणापासून तिची ही सवय. मग म्हणाली, "तू सांगतेस म्हणजे तसंच असणार. मी उद्या जाऊन सही करते."

खरं सांगायचं तर त्या क्षणी हेमांगीला हायसं वाटलं. रेवा सुटली. बाकीच्या मुलांचं काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला. तिनं त्याला समजावलंही. सहापैकी चार बरीच झाली की. सगळ्यांनाच काही ती सर्दी झालेली नसते. आपण तोंड उघडलं तर औषधच बंद पडेल, मग त्या चौघांसारख्यांचं काय? माणूस स्वतःच्या बचावाला उभा राहिला की त्याच्यासारखा वकील मिळायचा नाही.

चार दिवसांनी, मंगळवारी सकाळी, संस्थेच्या दारातून फोन आला. कुणी पूनम खरात भेटायला आल्यात, मेहकरहून.

पूनम तिशीची असेल. कडेवर सात वर्षांची मुलगी, खांद्याला कपड्यांची पिशवी. मुलगी कडेवर बसायच्या वयाची नव्हती, पण तिचे पाय खाली नुसते लोंबत होते.

"तुमीच का जी हेमांगी मॅडम?" पूनम म्हणाली. "मनालीताईंनी पत्ता देल्ला. दवाखान्यात भेटल्या व्हत्या. त्यांनी नंबर सोडला अन् आमाले फोन आला. आमचा आठवा व्हता, मॅडम. मी तं आशाच सोडली व्हती."

हेमांगीनं त्यांना खुर्ची दिली. तिच्या लक्षात आलं की तिनं यादीतल्या पुढच्या नावाचा विचारच केला नव्हता. तिला फक्त रेवाचं नाव खोडलेलं दिसलं होतं. ती जागा रिकामी राहणार नाही, हे तर शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

"इंजेक्शन कधी आहे?" तिनं विचारलं.

"परवा, गुरुवारी. म्हनलं, आधी तुमाले भेटून घ्यावं. तुमच्या घरच्या लेकराची जागा हिले भेटली." पूनमचे डोळे भरून आले आणि तिनं ते सरळ पुसले. "श्रावस्ती, मॅडमले जय भीम कर."

श्रावस्तीनं हात जोडले. मग टेबलावरच्या कवचाच्या प्रतिकृतीकडे बोट दाखवून म्हणाली, "याच्यात काय असते?"

"काही नाही," हेमांगी म्हणाली. "रिकामं असतं ते."

श्रावस्ती शिंकली. पूनमनं पदरानं तिचं नाक पुसलं. "हिले सर्दी तं बारमाही. अंगणवाडीत गेली तवापासून धरलीच हाय. डॉक्टरीनबाई म्हने, सर्दीनं काही होत नाही, ताप नसला म्हंजे झालं."

हिचंही रक्त घ्यावं आणि हिलाही गुपचूप बाजूला काढावं, असं हेमांगीच्या मनात येऊन गेलं. मग नववा नंबर येईल. त्याचंही रक्त घ्यायचं? मग दहावा. सगळी यादी संपेपर्यंत खोटं बोलत राहायचं, प्रत्येक आईला वेगळं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"तुम्ही दवाखान्यात थांबा," ती पूनमला म्हणाली. "मी येते तिथे."

पण ती आधी भांडारात गेली. वायदंडे हातमोज्यांचे खोके रचत होते. केस पांढरे झालेले, मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते. आठ वर्षांत ती या खोलीत एकदाही आली नव्हती. हातमोजे हवे असले की कुणाला तरी पाठवायची.

तिनं दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मोकळी जाळी, पुसलेलं चित्र, रेवा, श्रावस्ती. वायदंड्यांनी ऐकून घेतलं, मधेच एक खोका नीट सरकवला.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. "त्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मी वर राहिलेला माझा डबा आणायला गेलेलो. गोठवायच्या टाकीतला नायट्रोजन उतरलेला. कचऱ्याच्या डबीत एकच जाळी हुती आणि नमुन्याच्या बाटल्यांची सीलं तशीच. एवढं कळतंय मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुणापाशी बोलू? यंत्र हाताळण्यात हयगय करणाऱ्याचं कोण ऐकतंय?"

हेमांगीच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ती म्हणाली, "माझी चूक झाली, वायदंडे. तुमच्यावर मी फार मोठा अन्याय केला."

"केलासा," ते शांतपणे म्हणाले. "पण ते मला सांगून काय हुणार, मॅडम? माझं काय राहिलंय आता, चार महिने. त्या पोरांच्या डॉक्टरला सांगा जावा."

"तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी कशाला? जाळी तुम्ही लावली हुती."

त्यांनी पुढचा खोका उचलला. ती तिथे आणखी थोडा वेळ उभी राहिली. त्यांनी काहीतरी बरं बोलावं अशी तिची अपेक्षा होती. ते बोलले नाहीत, आणि त्यांनी का बोलावं?

औषधाची सगळी जबाबदारी डॉ. नसीम तांबोळींकडे होती. त्यांच्या खोलीत हेमांगी अर्धा तास बोलत होती. सुरुवातीलाच तांबोळींनी फोन उचलून सांगितलं की गुरुवारचं सगळं थांबवा.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या भाचीला तुम्ही काढून घेतलंत. कधी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी. आज मंगळवार आहे." त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या तुकडीतली मिहिका बारा दिवस आमच्याकडे होती. रोज तिची आई विचारायची, असं का झालं? रोज मी सांगायचे, आम्हाला कळत नाही. मला खरंच कळत नव्हतं, डॉ. कर्णिक. तुम्हाला कळत होतं."

हेमांगीला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. लाज इतकी वाटत होती की रडणंही लबाडी वाटली असती.

बुधवारी यादीतल्या सगळ्या मुलांचं रक्त तपासलं. पहिल्या तुकडीचं औषधाआधी साठवलेलं रक्तही काढलं. ताप आलेल्या दोघांचे खळगे निळे झाले, बाकी चौघांचे कोरे राहिले. नव्या अकरा मुलांपैकी सात जणांचे निळे, चौघांचे कोरे. हेमांगीचं म्हणणं खरं ठरलं. आठ वर्षांत तिचं एवढं एकच म्हणणं खरं ठरलं होतं.

संध्याकाळी, दवाखान्यात सगळं कळल्यावर, मनाली हेमांगीच्या घरी आली. आत यायलाही तयार नव्हती, दारातच उभी राहिली.

"रेवाला वाचवलंस," ती म्हणाली. "त्याबद्दल तुझे उपकार मानायचे का मी?"

"मनू, ऐक ना."

"त्या पूनमला पत्ता मी दिला. मी तिचे हात धरून म्हटलं, काळजी करू नका, माझ्या बहिणीचंच औषध आहे. तू मला खोटं सांगितलंस आणि माझ्या हातून दुसऱ्याची मुलगी रेवाच्या जागी झोपवायला निघालीस. रेवा विचारते, मावशीनं काय केलं? काय सांगू तिला?"

"खरं सांग."

"तेही मीच सांगू?" मनाली म्हणाली आणि जिना उतरून गेली.

गुरुवारी सकाळी तांबोळींनी हेमांगीला दवाखान्यात बोलावून घेतलं. परवानगी रद्द झाल्याचं पत्र टेबलावर होतं. सिरिंजमध्ये जे आहे ते कागदावर लिहिल्यासारखं नाही, हे कळल्यावर कुणालाच ते टोचायची मुभा राहिली नव्हती. ज्यांचे खळगे कोरे होते त्यांनासुद्धा नाही. आदिकवचाचा सगळा हिशेब पायापासून पुन्हा मांडावा लागणार होता.

"श्रावस्ती खरातचा खळगा कोरा आहे," तांबोळी म्हणाल्या. "तिला ही सर्दी कधी झालेली नाही. तिची बारमाही सर्दी नुसती धुळीची ॲलर्जी आहे. आज औषध दिलं असतं तर तिला बहुतेक लागू पडलं असतं. तिच्या आईला हे तुम्ही सांगा. मी सांगणार नाही."

पूनम बाहेर बाकावर बसली होती. श्रावस्ती तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. हेमांगी तिच्याशेजारी बसली आणि तिनं सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, काही न लपवता. पूनमला समजायला वेळ लागला नाही. बारावीपर्यंत तिनं शास्त्र घेतलं होतं.

"म्हंजे हिच्या रक्तात काही दोष नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मंग द्या ना हिले. मी सही करून देतो. माझ्या जबाबदारीवर द्या."

"देता येत नाही. कुणालाच देता येत नाही आता."

"किती दिवस?"

"तीन वर्षं तरी. जास्तही लागतील."

पूनमनं श्रावस्तीच्या पायांकडे पाहिलं. तीन वर्षांनी त्या पायांत, हातांत आणि पुढे छातीतही काय उरेल, ते डॉक्टरांनी तिला केव्हाच सांगून ठेवलं होतं.

मग पूनमनं विचारलं, "अन् तुमी तवाच सांगतलं असतं तं?"

हेमांगीला उत्तरं पुष्कळ सुचली. तेव्हा कुणाला कल्पना होती, मी एकटीच नव्हते, कदाचित तरीही काही झालं नसतं. ती सगळी तिनं गिळली.

"मी तेव्हाच सांगितलं असतं तर खरा दुवा शोधायला आठ वर्षं मिळाली असती," ती म्हणाली. "चांगली माणसं होती या कामात. आज हिच्यासाठी औषध बहुतेक तयार असतं."

"आठ वर्षं," पूनम म्हणाली. "तवा तं ही झालीबी नव्हती."

"नव्हती."

पूनम उठली. तिनं झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेतलं, तसा पिशवीचा बंद घसरला आणि कपडे फरशीवर पसरले. हेमांगीनं चटकन वाकून एक छोटा फ्रॉक उचलला.

"राहू द्या, मॅडम," पूनम म्हणाली. "तुमी नका लावू हात."

हेमांगीनं फ्रॉक बाकावर ठेवला. पूनमनं मुलीला सावरत, एका हातानं, एकेक कपडा उचलून पिशवीत भरला. त्याला बराच वेळ लागला, आणि हेमांगी शेजारी उभी राहून बघत होती.